प्रवासाच्या छायाचित्रांतील नकोशीं माणसें

पावसाळ्यांतल्या एखाद्या रविवारीं चांदणी चौक ओलांडून, पिरंगुट व पौड मागें टाकून मुळशीकडे निघालेल्या मोटारींची रांग ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना आजच्या विषयाची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. ताम्हिणी घाटांत धुकें उतरलेलें असतें, कड्यांवरून पाण्याच्या धारा कोसळत असतात आणि मुळशीच्या जलाशयाचा विस्तार डोळ्यांत मावत नाहीं. असें दृश्य समोर असतांना प्रत्येकाचा हात खिशांतील मोबाइलकडे जावा हें स्वाभाविक आहे. परंतु घरीं परतून तें छायाचित्र पाहावें, तों धबधब्याच्या पायथ्याशीं वीस-पंचवीस अपरिचित माणसें त्यांत येऊन बसलेलीं असतात. कोणी पिवळा रेनकोट घातलेला, कोणी हात पसरून उभा, कोणी पाठमोरा. मग मनांत येतें कीं, एवढीं माणसें यांतून काढून टाकतां आलीं तर किती बरें होईल!

श्रोतेहो, हीं माणसें काढतां येतात काय, येत असल्यास कोणत्या रीतींनीं, आणि काढल्यावर त्या चित्राचें मोल वाढतें कीं घटतें, या तीन प्रश्नांचा आज थोडक्यांत विचार करावयाचा आहे. पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. हल्लींच्या मोबाइलमध्यें नुसतें बोट फिरवून माणूस नाहींसा करतां येतो, हें घरांतील लहान मुलेंहि जाणतात. दुसऱ्या प्रश्नास थोडा वेळ द्यावा लागेल. आणि तो दिल्याखेरीज तिसऱ्याचें उत्तर सांपडणार नाहीं.

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. कॅमेऱ्याला माणसाच्या पलीकडलें दिसत नाहीं. धबधब्यासमोर कोणी उभा असेल, तर त्याच्या अंगाआड दडलेल्या खडकाकडून निघालेला प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोंचलेलाच नसतो. चित्रांत त्या खडकाची नोंद मुळीं झालेलीच नाहीं. म्हणून 'माणूस काढून टाकणें' हा शब्दप्रयोग थोडा फसवा आहे. माणूस पुसणें सोपें. त्याच्या जागीं काय भरावयाचें हा खरा प्रश्न. आणि भरण्याची सामग्री तीनच ठिकाणांहून मिळूं शकते. एक, त्याच जागेच्या दुसऱ्या क्षणाकडून. म्हणजे तो माणूस तेथून हलल्यावर कॅमेऱ्यानें जें पाहिलें त्यांतून. दोन, त्याच चित्रांतील दुसऱ्या जागेकडून. म्हणजे शेजारचा खडक, शेजारचें गवत उचलून येथें बसवावयाचें. आणि तीन, केवळ तर्कांतून. येथें बहुधा अमुक असेल असा अंदाज बांधून. पहिल्या मार्गानें मिळणारें चित्र पाहिलेलें असतें, दुसऱ्या मार्गानें मिळणारें उसनें असतें, तिसऱ्या मार्गानें मिळणारें रचलेलें असतें. हा भेद मनांत पक्का ठेवला म्हणजे पुढील सर्व युक्त्या आपापल्या जागीं नीट बसतील.

या तिन्हींच्या आधींचा एक मार्ग आहे, तो म्हणजे माणूस चित्रांत येऊंच न देणें. मुळशीचें धरण जलाशयाच्या पूर्वेच्या टोंकास आहे आणि पाणी तेथून पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्याकडे पसरलेलें आहे. त्यामुळें पूर्वेच्या बाजूनें सकाळीं चित्र घेणाऱ्याच्या पाठीशीं सूर्य असतो आणि समोरचे डोंगर उजळून निघतात. शिवाय पुण्याची गर्दी तोंपर्यंत तेथें पोंचलेली नसते. रविवार टाळून एखाद्या आडवारीं गेल्यास तर प्रश्नच उरत नाहीं. तेंहि शक्य नसेल, तर चार पावलें डावीकडे सरकून पाहावें, खालीं बसून एखादें कारवीचें झुडूप मध्यें घेऊन पाहावें, किंवा चित्राची चौकट थोडी आंवळून घ्यावी. पुष्कळदां केवळ दोन मिनिटें थांबल्यानेंच काम होतें. आणि समोरच्यास "जरा बाजूला व्हाल का?" असें सौजन्यानें विचारणें, ही सर्वांत जुनी व सर्वांत स्वस्त युक्ति आपण विसरत चाललों आहों.

आतां दुसऱ्या क्षणाकडून सामग्री घेण्याच्या रीतीकडे वळूं. ही रीत छायाचित्रणाच्या जन्माइतकीच जुनी आहे. लुई दागेर या फ्रेंच संशोधकानें १८३८ सालीं पॅरिसमधील बुलव्हार द्यु तांप्ल या गजबजलेल्या रस्त्याचें चित्र वरच्या एका खिडकींतून घेतलें. रस्त्यावर गाड्याघोडे व पादचारी यांची वर्दळ होती. पण चित्रांत रस्ता जवळजवळ ओस दिसतो. कारण त्या काळच्या पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास कित्येक मिनिटें लागत, आणि जो हलला त्याचा ठसा उमटला नाहीं. एका कोपऱ्यावर मात्र दोन आकृति दिसतात. एक गृहस्थ पाय पुढें करून बुटांना पॉलिश करून घेत आहे, आणि दुसरा त्याच्या पायाशीं बसून तें काम करीत आहे. छायाचित्रांत दिसलेलीं अगदीं पहिलीं माणसें म्हणून यांचा उल्लेख होतो; आणि तीं टिकलीं तीं एका जागीं स्थिर होतीं म्हणूनच.

हीच युक्ति आजहि करतां येते. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा आणि भिंगासमोर प्रकाश सुमारें एक हजार पटींनीं कमी करणारी काळी कांच लावावी. जेथें एरव्हीं सेकंदाचा तिसावा भाग पुरला असता, तेथें आतां सुमारें ३४ सेकंद झांप उघडी ठेवावी लागते. तेवढ्या वेळांत जो चालत गेला त्याचा प्रकाश एका बिंदूवर फार थोडा वेळ पडतो आणि तो चित्रांतून विरून जातो. मात्र धबधब्याच्या तुटक धारा येथें एकजीव होऊन रेशमाच्या लडीसारख्या दिसूं लागतात, आणि वाऱ्यानें हलणारीं पानें पुसट होतात. कोणास हें सुंदर वाटतें, कोणास कृत्रिम. पण कॅमेऱ्यानें त्यांत पदरचें कांहीं घातलेलें नसतें.

याहून नेमकी रीत म्हणजे एकाच जागेवरून पुष्कळ चित्रें घेऊन त्यांतून एक चित्र निवडणें. तिपाईवरून, दहा-वीस सेकंदांच्या अंतरानें, नऊ किंवा अकरा छायाचित्रें घ्यावीं. प्रकाशाचें व रंगाचें माप पहिल्या चित्राच्या वेळीं ठरवावें आणि मग बदलूं नये. पुढें संगणकावर हीं चित्रें एकावर एक तंतोतंत बसवून प्रत्येक बिंदूची मध्यवर्ती किंमत काढावी. येथें मध्यवर्ती म्हणजे सरासरी नव्हे, आणि या फरकांतच सगळें मर्म आहे. समजा, धबधब्याशेजारच्या ओल्या खडकावरील एक बिंदु आपण घेतला. प्रकाशाची तीव्रता ० ते २५५ या आंकड्यांत मोजतात. नऊ चित्रांपैकीं सात चित्रांत तेथें खडकच दिसतो, आणि त्याच्या किंमती ६९, ७०, ७०, ७१, ७१, ७२, ७२ अशा आहेत. उरलेल्या दोन चित्रांत पांढरा रेनकोट घातलेला कोणी मध्यें आला, तेव्हां किंमती २०५ व २१० झाल्या. सर्वांची सरासरी काढली, तर ती सुमारें १०१ येते. म्हणजे खडकावर त्या माणसाचें भूत उमटतें. परंतु नऊ आंकडे चढत्या क्रमानें मांडून मधला, म्हणजे पांचवा, आंकडा घेतला, तर तो ७१ येतो. खडक जसा होता तसा. रेनकोटवाल्याचा मागमूसहि राहत नाहीं. असें प्रत्येक बिंदूस केलें म्हणजे सगळी गर्दी ओसरून मागचें दृश्य उघडें होतें.

या रीतीची अट एकच. निम्म्याहून अधिक चित्रांत त्या बिंदूवरून माणूस हललेला असला पाहिजे. फिरणाऱ्या माणसांना ती काढून टाकते. ठाण मांडून बसलेल्यांना काढूं शकत नाहीं. आणखी एक गंमत येथें घडते. पाऊस पडत असतांना अशीं चित्रें घेतलीं, तर पावसाच्या सरीहि नाहींशा होतात. कारण प्रत्येक थेंब एका चित्रापुरताच त्या बिंदूवर असतो. धुक्याच्या सरकत्या पदरांची नक्षीहि बोथट होते. नकोशा माणसांबरोबर त्या दिवसाचें हवामानहि थोडेंसें पुसलें जातें, हें ही युक्ति वापरणाऱ्यानें विसरूं नये.

आतां उसनवारीच्या मार्गाकडे येऊं. कांचेच्या निगेटिव्हच्या काळीं बारीक पेन्सिलीनें व धारदार पात्यानें चित्रांत फेरफार करणारे कुशल कारागीर असत. चेहऱ्यावरील देवीचे व्रण मिटविणें हा त्यांच्या हातचा मळ होता. १९९० सालीं फोटोशॉप प्रथम विक्रीस आलें, तेव्हांपासून तेंच काम पडद्यावर होऊं लागलें. एका जागेचा तुकडा उचलून दुसऱ्या जागीं ठशाप्रमाणें उमटवावयाचा, अशी ती रीत. २००० सालीं मार्सेलो बेर्तालमियो व त्याचे सहकारी यांनीं 'इनपेंटिंग' या नांवानें एक गणिती पद्धत मांडली. हें नांव त्यांनीं जुन्या तैलचित्रांचें पापुद्रे गेलेले भाग भरून काढणाऱ्या कारागिरांच्या परिभाषेंतून घेतलें होतें. खळग्याच्या कडेपर्यंत आलेल्या रेषा त्याच दिशेनें आंत वाढवीत न्यावयाच्या, हें तिचें तत्त्व. ओरखडे व चिरा तीनें उत्तम बुजत. परंतु माणसाएवढी मोठी जागा भरली, तर तेथें नुसता धूसर डाग उरे. २००९ सालीं 'पॅचमॅच' ही रीत प्रसिद्ध झाली. तीनें चित्रांतील दुसऱ्या भागांतले मिळतेजुळते तुकडे अत्यंत वेगानें शोधून काढण्याची सोय केली, आणि २०१० सालीं ती फोटोशॉपमध्यें सामान्य ग्राहकांच्या हातीं आली. गवताळ उतारावरचा माणूस काढून तेथें शेजारचें गवत बसविणें तेव्हांपासून क्षणाचें काम झालें.

तिसरा मार्ग, म्हणजे तर्कानें रचण्याचा, सर्वांत नवा आहे. असंख्य छायाचित्रें दाखवून संगणकास शिकविलेलें असतें कीं, खडकाशेजारीं बहुधा काय असतें, पाण्याच्या कांठाला बहुधा कशी किनार असते. मग रिकाम्या जागीं तो मिळतेंजुळतें असें कांहीं तरी स्वतः चितारतो. गूगलच्या पिक्सेल ६ या मोबाइलबरोबर २०२१ सालीं 'मॅजिक इरेझर' आलें. फोटोशॉपमध्यें २०२३ सालीं रचून भरण्याची सोय झाली. आणि २०२४ सालीं ॲपलनें आपल्या कांहीं आयफोनांत 'क्लीन अप' दिलें. या यंत्रांनीं भरलेली जागा पुष्कळदां इतकी बेमालूम असते कीं, घेणाऱ्याससुद्धां ती ओळखतां येत नाहीं. परंतु तेथें जो खडक दिसतो, तो ताम्हिणीचा नसतो. तो जगांतील कोठलाच नसतो.

हीं साधनें वापरणाऱ्यांसाठीं चार व्यवहारी सूचना येथें सांगून ठेवतों. पहिली, मूळ चित्रास कधीं हात लावूं नये. प्रत काढून तिच्यावरच काम करावें. दुसरी, माणसाबरोबर त्याची सांवली व पाण्यांतलें प्रतिबिंबहि खुणेंत घ्यावें. मुळशीच्या कांठावरील चित्रांत ही चूक नेहमीं दिसते. कांठावरचा माणूस गेलेला असतो, पण पाण्यांत तो उलटा उभाच राहतो. तिसरी, संबंध घोळका एकदम न पुसतां एकेक माणूस, कडेकडून मध्याकडे येत पुसावा. म्हणजे यंत्रास शेजारचा खरा भाग अधिक मिळतो. चौथी, पार्श्वभूमि पाहून आशा धरावी. गवत, धुकें, पाणी व आकाश यांवरून माणूस सहज निघतो. परंतु लोखंडी कठडा, पायऱ्या, देवळाची कोरीव भिंत यांवरून काढतांना रेषा तुटतात, आणि आपल्या माणसाच्या खांद्यावर परक्याचा हात असेल तर खांदाहि जातो.

येथवर कसें तें झालें. आतां तिसरा प्रश्न. ज्यांना आपण नकोशीं माणसें म्हणतों, तीं कोण असतात? थोडें बारकाईनें पाहिलें, तर त्यांत तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार आपल्यासारख्याच सहलकऱ्यांचा. ते ज्याप्रमाणें आपल्या चित्रांत नकोसे, त्याप्रमाणें आपणहि त्यांच्या चित्रांत नकोसे. त्यांना आपल्या घरच्या संग्रहांतून वगळल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. दुसरा प्रकार अशांचा कीं, ज्यांना काढणें हें आपलें कर्तव्यच ठरतें. धबधब्याखालीं भिजलेल्या अनोळखी स्त्रिया व मुलें आपल्या चित्रांत आलीं असतील, तर तीं चित्रें चारचौघांत पाठविण्यापूर्वीं त्यांचे चेहरे झांकणें किंवा तीं माणसें वगळणें हा साधा सभ्यपणा आहे. त्यांनीं आपल्यास परवानगी दिलेली नसते.

तिसरा प्रकार मात्र निराळा आहे. रस्त्याच्या कडेला निळा प्लॅस्टिकचा कागद बांधून कणसें भाजणारी बाई, म्हशी घेऊन उतारावरून चाललेला गुराखी, खाचरांत गुडघाभर चिखलांत वांकून भाताची लावणी करणाऱ्या स्त्रिया, हीं माणसें सहलीस आलेलीं नाहींत. तीं त्या दृश्याचे रहिवासी आहेत. दागेरच्या चित्रांत येणारेजाणारे विरून गेले आणि कामावर बसलेला टिकला. नऊ चित्रांच्या युक्तींतहि प्रवासी पुसले जातात आणि कणसें भाजणारी बाई आपल्या शेगडीपाशीं राहते. काळाच्या हातीं निवड सोंपविली, तर तो असा निवाडा करतो. आपल्या बोटाच्या हातीं सोंपविली, तर पहिल्यानें तो निळा कागद जातो, कारण तो हिरव्या डोंगराशीं विजोड दिसतो; आणि त्याच्याबरोबर ती बाईहि जाते.

ही गोष्ट केवळ हौशी लोकांपुरती नाहीं. भारतांतील प्रवासचित्रांसाठीं जगभर नांवाजलेले अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मकरी यांच्या कांहीं चित्रांत फेरफार झाल्याचें २०१६ सालीं उघडकीस आलें. पावसांत चेंडू खेळणाऱ्या मुलांच्या एका चित्रांतून एक मूल नाहींसें झालें होतें. त्यावर, आपण वार्ताहर नसून दृश्यांच्या द्वारें गोष्ट सांगणारे आहों, अशी भूमिका त्यांनीं घेतली. गोष्ट सांगण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. पण पाहणारा तें चित्र गोष्ट म्हणून पाहत नव्हता, तेथें असें होतें म्हणून पाहत होता. मोठ्या वृत्तसंस्था बातमीच्या छायाचित्रांत कांहीं घालूं वा काढूं देत नाहींत, त्याचें कारण हेंच.

याहून भयंकर उदाहरण सोव्हिएट रशियाचें. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या कांठीं स्टालिनशेजारून चालत असलेला गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझॉव्ह एका छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. पुढें त्याच्यावर मर्जी खप्पा झाली आणि १९४० सालीं त्याला ठार करण्यांत आलें. त्यानंतरच्या प्रतींत तो नाहीं. जेथें तो होता तेथें कालव्याचें पाणी रंगविलेलें आहे, आणि मूळ प्रत न पाहिलेल्या माणसास कांहीं कमी आहे असा संशयहि येत नाहीं.

मुळशीच्या कांठावर हें उदाहरण आठवावें असें आहे. कारण येथें माणसांच्या जागीं पाणी आलें, तें चित्रांत नव्हे, प्रत्यक्षांत. ज्या जलाशयास आज आपण निसर्गरम्य म्हणतों, तो निसर्गानें केलेला नाहीं. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटांच्या कंपनीनें मुळा नदीच्या खोऱ्यांत धरण बांधण्याचें योजिलें. घाटमाथ्यावर अडविलेलें पाणी कोंकणांत भिरा येथें उतरवून त्याच्या बळावर वीज उत्पन्न करावयाची, अशी ती योजना. त्या पाण्याखालीं सुमारें पन्नास गांवांच्या जमिनी जावयाच्या होत्या. भाताचीं खाचरें, घरें, देवळें, सर्व कांहीं. सरकारनें भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या पाठीशीं उभा केला. तेव्हां त्या खोऱ्यांतील मावळ्यांनीं १९२१ सालच्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिल रोजीं, सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांनीं त्याचें नेतृत्व केलें, आणि 'सेनापति' हें बिरुद त्यांच्या नांवास लागलें तें या लढ्यामुळें. लोक धरणाच्या कामावर जाऊन ठाण मांडून बसले, तुरुंगांत गेले. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण झालें, गांवें उठलीं. राजेंद्र व्होरा यांनीं या लढ्यावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला, त्याच्या नांवांतच त्याला जगांतील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलें आहे.

तेव्हां मुळशीचें निर्मनुष्य चित्र घेऊन आपण समाधान मानूं लागलों, तर निदान एवढें तरी मनांत असावें कीं, हें पाणी कधींच निर्मनुष्य नव्हतें. उठलेल्या गांवांतील कित्येक कुटुंबें कांठाच्या वरच्या अंगास वस्ती करून राहिलीं. आज गुरें चारणारा किंवा कणसें विकणारा जो माणूस आपल्या चौकटींत येतो, तो कदाचित् त्यांपैकींच एखाद्या घरचा असेल. पाण्यानें त्याच्या आज्याचें शेत घेतलें; आपल्या बोटानें निदान चित्रांतील त्याची जागा तरी घेऊं नये.

या प्रश्नास दुसरीहि एक बाजू आहे, आणि ती जीविताशीं निगडित आहे. पुसणारा बहुधा माणसांवर थांबत नाहीं. कठडा, दोरी, धोक्याची पाटी यांवरहि त्याचें बोट फिरतें, कारण तींहि दृश्यास विशोभित वाटतात. असें धुतलेलें चित्र पाहून दुसरा कोणी एकांताच्या आशेनें त्या डोहाशीं जातो. तेथें किती गर्दी असते, कठडा का घातला आहे, पाणी किती वेगानें चढतें, यांपैकीं कांहींहि त्या चित्रानें त्याला सांगितलेलें नसतें. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरांत एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं. त्या दुर्घटनेनंतर पुणें जिल्ह्याच्या प्रशासनानें पावसाळी सहलींच्या अनेक जागांवर निर्बंध घातले, आणि त्यांत मुळशी तालुक्यांतील ठिकाणेंहि होतीं. ती दुर्घटना कोणा छायाचित्रामुळें झाली असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि धोक्याची पाटी पुसून चित्र पुढें पाठविणारा आपल्या मित्रांस अर्धीच माहिती पाठवितो, हें निश्चित.

मग माणसें काढूंच नयेत काय? असें माझें म्हणणें नाहीं. भिंतीवर लावण्यासाठीं डोंगराचें शांत चित्र हवें असेल, तर तें खुशाल तयार करावें. चित्रकारहि आपल्या चित्रांत नको तें वगळतच आला आहे. फक्त तीन पथ्यें पाळावीं. जेथें शक्य असेल तेथें दुसऱ्या क्षणाची मदत घ्यावी, यंत्राच्या तर्काची नव्हे. म्हणजे आपल्या चित्रांतील खडक हा ताम्हिणीचाच खडक राहील. माणसें काढलेलें चित्र दुसऱ्यास देतांना "यांतील माणसें काढलेलीं आहेत" एवढे चार शब्द त्याखालीं लिहावे. त्यानें चित्राची शोभा कमी होत नाहीं आणि पाहणाऱ्याची फसवणूक टळते. आणि मूळ चित्र कधींहि फेंकूं नये.

हें शेवटचें पथ्य सर्वांत महत्त्वाचें आहे. घरोघरच्या जुन्या संग्रहांतून कोणाच्या तरी रागापायीं कात्रीनें कापून काढलेले चेहरे आपण पाहिलेले आहेत. कापणाऱ्याचा राग पुढें निवळला, पण तो चेहरा परत आला नाहीं. शिवाय नकोसें काय व हवेंसें काय, याचा निवाडा काळाबरोबर बदलतो. पन्नास वर्षांपूर्वींच्या एखाद्या सहलीचें छायाचित्र आज हातीं घेतलें, तर आपली दृष्टि प्रथम डोंगराकडे जात नाहीं. डोंगर तोच आहे. ती जाते मागें उभ्या असलेल्या अनोळखी माणसांच्या पोशाखाकडे, त्यांच्या हातांतल्या पितळी डब्याकडे, कोपऱ्यांत अर्ध्या दिसणाऱ्या एस.टी.कडे. आज आपण ज्यांना पुसावयास निघालों आहों, तीच माणसें उद्यां आपल्या नातवंडांना या काळाची ओळख करून देतील. म्हणून मुळशीहून परतल्यावर त्या दिवशींचीं सर्व मूळ छायाचित्रें गर्दीसकट एका बाजूस नीट ठेवावीं, त्यांवर ठिकाण व तारीख लिहावी, आणि कणसें भाजणाऱ्या बाईचें नांव विचारलें असेल, तर तिच्या संमतीनें तेंहि लिहावें.